नोटा जमविणे आणि नोटा वाचणे

माझ्या घरी येणारा पाहुणा नोटांची वही हातात घेतो, दहा-बारा पाने उलटतो, आणि वही मिटताना हमखास एकच प्रश्न विचारतो : "याचे किती येतील हो?" विचारणाऱ्यांत व्यापारी असतात तसे प्राध्यापकही असतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण एके काळी मीही दुसऱ्यांच्या वह्या चाळताना हेच विचारीत असे. आता मात्र माझे मत पक्के झाले आहे आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे. जी नोट आपण नीट वाचलेली नाही, जिचे वर्णन आपल्या हाताने लिहिलेले नाही, ती आपल्या संग्रहात नसतेच. ती केवळ आपल्या कपाटात असते.

मी या महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने माळव्यात आलो आणि उज्जैनच्या नानाखेडा भागात, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर, स्थायिक झालो. शिकत असताना या वार्षिकाचा मराठी विभाग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत असे आणि कन्नड विभागातील फक्त छायाचित्रे पाहून अंक मिटवीत असे. ही कबुली आधीच देऊन ठेवतो. तिचा संबंध शेवटी येणार आहे.

माझ्या संग्रहातील सर्वांत लाडका भाग आहे आफ्रिकेतील एका लहानशा राज्याच्या नोटांचा. हे राज्य म्हणजे स्वाझीलँड. १९ एप्रिल २०१८ रोजी तेथील राजाने देशाचे नाव बदलून इस्वातिनी केले. देशाचे क्षेत्रफळ सुमारे १७,३६४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडेसे मोठे. तीन बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि एका बाजूस मोझांबिक. ६ सप्टेंबर १९६८ रोजी इंग्रजांचा अंमल संपला आणि १९७४ साली देशाने स्वतःचे चलन काढले. अशा देशाच्या नोटा जमवून काय मिळणार, असे कोणी विचारील. मला जे मिळाले ते सांगतो.

प्रथम मिळाली ती माझ्या अज्ञानाची पावती. आफ्रिकेत काही वर्षे नोकरी केलेल्या एका स्नेह्याने मला दोन नोटा दिल्या. एकीवर 'लिलांगेनी' असा शब्द होता, दुसरीवर 'एमालांगेनी'. मी वहीत दोन स्वतंत्र पाने केली आणि वर दोन निराळ्या देशांची शीर्षके लिहून मोकळा झालो. दोन्ही नोटांवर एकच राजा का, हा प्रश्न मला पडला नाही! पुढे कळले की लिलांगेनी हे एकवचन आणि एमालांगेनी हे अनेकवचन. स्वाती भाषेत नामाचा आरंभ बदलून वचन बदलते. आपण शब्दाचे शेपूट बदलतो, ते शब्दाचे डोके बदलतात. म्हणून एका नाण्याला, एका नोटेला 'लि', आणि दोनपासून पुढे 'एमा'. संक्षेपाचे अक्षरही तसेच बदलते : एकासाठी एल, अनेकांसाठी ई.

हसू येण्यासारखी चूक खरी. पण तिच्यामुळे मी आपल्याच नोटेकडे वळलो. १९५३ साली आपल्या नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले, तेव्हा 'रुपया' या शब्दाचे अनेकवचन काय लिहावे यावर वाद झाला होता आणि निर्णय 'रुपये' या रूपाच्या बाजूने लागला. म्हणजे नव्याने स्वतंत्र झालेल्या आपल्या खंडप्राय देशालाही हाच प्रश्न पडला होता. पैशावर आपल्या भाषेत लिहावयाचे ठरविले की व्याकरण हा सरकारी विषय होतो. परकी भाषेत लिहिताना ही अडचण येत नाही, कारण ते व्याकरण दुसऱ्याने आधीच ठरवून दिलेले असते. चिमुकल्या राज्याने आपले एकवचन-अनेकवचन साऱ्या जगाच्या बँकांना पाठ करावयास लावले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता नोटेवरील चेहऱ्याकडे पाहू. १९७४ च्या नोटांवर राजा सोभुझा दुसरा यांचे चित्र आहे. तोवर तेथील लोकांच्या खिशात दक्षिण आफ्रिकेचे रँड असत, आणि त्या नोटांवर चेहरा असे यान फान रिबेक यांचा. सतराव्या शतकात केपच्या किनाऱ्यावर डच वसाहत स्थापन करणारा हा गृहस्थ. वर्णभेदाचे राज्य चालविणाऱ्या सरकारने आपल्या पैशावर कोणाला बसविले होते, हे त्यावरून समजते. त्या काळी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडलेला होता, आणि आपल्या पासपोर्टवर त्या देशाचा प्रवास वर्ज्य असे. अशा शेजाऱ्याच्या कुशीत राहून एका कृष्णवर्णीय राजाने आपला चेहरा आपल्या लोकांच्या हाती दिला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने फरक किती पडला? फारसा नाही. एक लिलांगेनी म्हणजे एक रँड हे प्रमाण तेव्हाही होते, आजही आहे. रँड तेथील बाजारात चालतो; लिलांगेनीला मात्र सीमेपलीकडे कायदेशीर चलनाचा मान नाही. पोट शेजाऱ्याकडे बांधलेले, पण कपाळावरचे गंध आपले. नोट हातात धरली की ही दोन्ही सत्ये एकदम दिसतात.

येथेच थांबलो असतो तर मीही राजाचा भाट ठरलो असतो. नोट जे सांगते ते लिहावे, तसेच ती जे सांगत नाही तेही लिहावे, असा माझा आग्रह आहे. याच सोभुझांनी १२ एप्रिल १९७३ रोजी देशाची राज्यघटना रद्द केली आणि राजकीय पक्षांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी त्यांच्या चेहऱ्याची नोट निघाली. ज्या हातांत ती पडली त्यांना राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार उरला नव्हता. सोभुझा १९८२ साली वारले. १९८६ साली म्स्वाती तिसरे गादीवर आले आणि नोटांवरचा चेहरा बदलला. पक्षांच्या राजकारणाला तेथे आजही स्थान नाही, आणि २०२१ साली लोकशाहीच्या मागणीसाठी झालेल्या आंदोलनात माणसे मारली गेली. यांतील काहीही नोटेवर नाही. नोटेवर राजा शांतपणे पाहतो आहे. ज्याला केवळ रंग, नक्षी आणि किंमत दिसते त्याला हा शांतपणाच खरा वाटेल.

मागची बाजूही अशीच बोलकी आहे. पहिल्या मालिकेत दोन एमालांगेनींच्या नोटेवर साखर कारखाना आहे. आपल्या भागातील वाचकाला तो लगेच ओळखीचा वाटेल. ऊस, धुराडे आणि हंगाम यांवर जगणारी गावे आपल्याकडे थोडी नाहीत. दहाच्या नोटेवर ॲस्बेस्टॉसची खाण आहे. त्या काळी ती देशाची दौलत होती आणि अभिमानाने दाखविण्याची वस्तू होती. आज त्याच धाग्याचे नाव घेतले की फुप्फुसाचे दुर्धर आजार आठवतात. बुलेम्बू येथील ॲस्बेस्टॉसची मोठी खाण २००१ साली बंद पडली. नोटेवर मात्र काम चालूच आहे. नोट छापली त्या दिवशी देशाला आपली श्रीमंती कशात वाटत होती, याचा इतका प्रामाणिक पुरावा सरकारी अहवालात सापडणार नाही.

"हे सारे पुस्तकात मिळेल की! नोट कशाला हवी?" असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. प्रश्न चांगला आहे. पुस्तकात सर्व मिळत नाही. आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगभरच्या नोटांची जी सूची तयार केली तिच्यातील क्रमांक आज सर्वत्र वापरतात, आणि त्या सूचीचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण सूची म्हणजे मालाची यादी. ती 'अमुक साल, अमुक रंग, मागे खाण' इतके सांगते आणि पुढच्या ओळीकडे जाते. तुम्ही स्वतः भिंग घेऊन बसलात की निराळ्या गोष्टी घडतात. स्वाझीलँडच्या पहिल्या नोटांवर वर्षच छापलेले नाही. मग ती केव्हाची हे कसे ओळखावयाचे? सह्यांवरून. कोणता मंत्री आणि बँकेचा कोणता अधिकारी कोणत्या वर्षी पदावर होता हे शोधावयाचे, आणि त्यावरून नोटेची जन्मतारीख काढावयाची. काढणाऱ्या संस्थेचे नावही मदत करते. आरंभी तेथे चलन प्राधिकरण होते, पुढे मध्यवर्ती बँक झाली. एवढे जुळविताना त्या देशाचा कारभार आपोआप समजतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर साल नसेल तर आपण नाही का मांडवातील माणसांवरून साल काढत?

म्हणून वर्णनाची माझी एक साधी रीत आहे. ती कोणीही वापरावी. प्रथम जे डोळ्यांना दिसते तेच लिहावे : कोणी काढली, किती रकमेची, कोणत्या भाषा, पुढे काय, मागे काय, सह्या किती, क्रमांकाच्या आधी कोणती अक्षरे, उजेडात धरल्यावर कागदात कोणते चित्र उमटते. मग लांबी-रुंदी मोजावी. त्यानंतर नोटेची प्रकृती लिहावी : कोरी की घडी पडलेली, टाचणीचे भोक आहे का, कोणी पेनने हिशेब केला आहे का. तिसऱ्या भागात ती आपल्याकडे कशी आली ते लिहावे. चौथा भाग सर्वांत कठीण. त्यात नोटेवर काय नाही ते लिहावयाचे. किंमत लिहू नये. किंमत दर वर्षी बदलते, आणि एकदा ती लिहिली की पुढचा वाचक वरचे काही वाचीत नाही.

या रीतीने लिहू लागलो तेव्हा माझ्या वहीतील पानांना क्रम आला. १९८१ ची सोभुझांच्या राज्याला साठ वर्षे झाल्याची नोट, २००८ ची राजाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची आणि स्वातंत्र्याच्या चाळिसाव्या वर्षाची नोट, २०१८ ची पन्नास-पन्नासची नोट, अशी पाने शेजारी ठेवली. तेव्हा ध्यानात आले की देशाचा वाढदिवस आणि राजाचा वाढदिवस एकाच कागदावर साजरे होत आहेत. राजा म्हणजेच देश, हे वाक्य कोणी लिहिले नाही. ते नोटांनी लिहिले. शेजारच्या लेसोथो या दुसऱ्या लहान राज्याने आपले 'लोटी' हे चलन १९८० मध्ये चालू केले. लोटी म्हणजे डोंगर, अनेकवचन मालोटी. देशातील पर्वतरांगेचेच नाव त्यांनी पैशाला दिले. २०१० पासूनच्या त्यांच्या नोटांवर तीन राजे एकत्र आहेत : संस्थापक पहिला मोशोशो, दुसरा मोशोशो आणि आजचा तिसरा लेट्सी. दुसऱ्या मोशोशोला १९९० साली पदच्युत करून त्याच्या मुलाला गादीवर बसविले होते आणि १९९५ साली बाप पुन्हा गादीवर आला होता. हे ठाऊक असेल तर त्या तीन शांत चेहऱ्यांकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो.

आफ्रिकेकडून आता घराकडे येऊ. उज्जैनपासून देवास फार लांब नाही. आज देवासचे नाव निघाले की तेथील नोटांचा सरकारी छापखाना आठवतो. हा छापखाना १९७४-७५ च्या सुमारास उभा राहिला आणि तेथे छापलेल्या नोटा साऱ्या देशात फिरतात. पण १९४८ पर्यंत या एका गावात दोन मराठी राज्ये होती : पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. १८८८ सालचे देवासचे तांब्याचे नाणे पाहिले तर त्यावर गादीचे नाव आहे, चेहरा मात्र राणी व्हिक्टोरियाचा. नाव आपले आणि तोंड दुसऱ्याचे, ही स्थिती ज्या गावाने भोगली त्याच गावात पुढे स्वतंत्र देशाच्या नोटा छापल्या जाव्यात, ही इतिहासाची गंमत आहे. स्वाझीलँडच्या नोटेने मला चेहऱ्याचा अर्थ शिकविला नसता तर देवासच्या त्या मळकट नाण्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिले नसते. दूरची वस्तू जमविण्याचा फायदा हाच, की तिच्यामुळे जवळची वस्तू परकी होऊन दिसू लागते.

उज्जैनमध्ये राहून वर्णनाविषयी लिहावयाचे आणि डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांचे नाव घ्यावयाचे नाही, हे होणे नाही. या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९५७ साली भीमबेटकाची चित्रित गुंफागृहे उजेडात आणली. हजारो नाणी त्यांनी जमविली. पण त्यांचे मोठेपण साठ्यात नाही. खडकावरील चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. जे आपण हाताने उतरवितो ते आपण पाहिलेले असते. फोटो काढणारा कित्येकदा न पाहताच निघून जातो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

आता ती कबुली. आमचे मूळ घर बीदरकडचे. आजोबांच्या ट्रंकेत पाच रुपयांची एक हाली नोट होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढल्या. आपल्या भागातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हाली आणि कलदार हे दोन रुपये असत. सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार. त्या नोटांवर सन फसली असे. त्यात ५९० मिळविले की इसवी सन येतो. आणि मुख्य म्हणजे उर्दू-इंग्रजीबरोबर त्या नोटांवर तेलुगू, मराठी आणि कन्नड या भाषाही होत्या. राज्यकर्त्याची भाषा निराळी असली तरी बाजारातील माणसाला आपला पैसा आपल्या लिपीत वाचता येत असे.

ती नोट मी कधी नीट वाचली नाही. मराठी ओळ वाचली. कन्नड ओळ वाचून घ्यावी म्हणून शेजारच्या बाकावरील मित्राकडे न्यावयाची, हे सुचलेच नाही. अंकाचा अर्धा भाग जसा मिटवीत होतो तशीच अर्धी नोट मिटवली. पुढे ती 'जपून राहावी' म्हणून मी स्वतः गरम प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली. उष्णतेने कागद तपकिरी झाला, मध्ये फुगा आला, आणि काही वर्षांत नेमका कन्नड मजकूर असलेला भाग ओळखू येईनासा झाला. तिचा क्रमांक, सह्या, फसली सन यांतील एकही गोष्ट मी लिहून ठेवलेली नव्हती. आफ्रिकेतील राजाच्या नोटेचे वर्णन माझ्याकडे चार पाने आहे. आजोबांच्या नोटेचे एक ओळही नाही. कपाटात ती अजून आहे. संग्रहात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी हाली नोट, एखादा कलदार रुपया, देवघरातील डब्यात किंवा आजीच्या बटव्यात असेल. ती विकू नका असे मी म्हणत नाही. घरची गरज ज्याची त्याला ठाऊक. पण विकण्यापूर्वी, जपण्यापूर्वी, प्लास्टिकमध्ये कोंडण्यापूर्वी एक दुपार तिच्यासमोर वही घेऊन बसा. मराठी विभागातील मुलाने कन्नड विभागातील मुलीला बोलवावे आणि दोघांनी मिळून पूर्ण नोट वाचावी. एकट्याने ती अर्धीच वाचता येते.

तोवर सरावासाठी खिशातील दहाची नोट काढा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. वरून चौथी ओळ कन्नड, आठवी मराठी. एक 'रूपायिगळु' म्हणते, दुसरी 'रुपये'. आपापले अनेकवचन दोघींनीही सांभाळले आहे. हल्ली चहाच्या टपरीवरही मोबाइलने पैसे दिले जातात, तेव्हा ही पट्टी वाचण्याची संधी दिवसेंदिवस कमीच होत जाणार. आज वाचून घ्या, आणि वाचलेत ते लिहून ठेवा.